सामाईक होडी

मिरजोळे हे आमचे गाव रत्नागिरी शहराला अगदी लागून आहे. शहर कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले ते नवख्या माणसाला कळत नाही. औद्योगिक वसाहत आमच्याकडे, विमानतळही जवळच. पण हमरस्ता सोडून आत वाडीत शिरलात, की जांभ्या दगडाचे गडगे लागतात, हापूसची कलमे लागतात, पावसाळ्यात भाताची खाचरे लागतात आणि हे कोकणातलेच खेडे आहे याची खूण पटते. एक गोष्ट मात्र येथे पाहुण्याला सापडत नाही. आमच्या अंगणातून समुद्र दिसत नाही. पावसाळ्याच्या रात्री वारा पडला की लांबून त्याची गाज तेवढी कानावर येते.

म्हणून आमच्या घराच्या मागील खोपीत बारा हात लांबीची होडी पाहिली की जो तो विचारी, "शेतकऱ्याच्या घरी ही कशाला?"

या होडीचीच हकीकत आज सांगायची आहे. ती दुरुस्त करताना लाकडाविषयी मला जे कळले ते कुणालाही उपयोगी पडेल. त्याहून जास्त जे कळले ते भावाभावांविषयी होते.

आजोबांचे खाजण

रत्नागिरीच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाला भाट्याची खाडी म्हणतात. खाडीच्या वरच्या अंगाला, चिंचखरीच्या बाजूला, आमच्या आजोबांचे थोडे खाजण होते. खाजण म्हणजे खाडीला बांध घालून राखलेली खारी जमीन. समुद्रावरच्या वाचकांना हे सांगायला नको, पण देशावरच्या बंधूंसाठी सांगतो. भरतीचे पाणी बांधाने बाहेर अडवायचे आणि पावसाचे गोडे पाणी उघाडीच्या वाटे सोडून जमिनीतले मीठ धुऊन काढायचे. उघाडी म्हणजे बांधातली दारे. ओहोटीला ती उघडतात, भरतीला मिटतात. असे केले की त्या जमिनीत पावसाळी भात येते.

त्या काळी तिकडे रस्ता नव्हता. बी-बियाणे, माणसे, पेंढा, भात सगळे होडीतून चाले. आजोबांनी एका मच्छीमार कुटुंबाकडून ही जुनी होडी घेतली होती. तळ एकसंध आंब्याच्या खोडाचा कोरलेला, वर दोन्ही अंगांना फणसाच्या फळ्या चढवलेल्या आणि एका बाजूला उलांडी. दोन आडव्या काठ्यांच्या टोकांना पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधतात, तो पाण्यावर तरंगतो आणि होडीला कलंडू देत नाही, तीच उलांडी. आमच्या किनाऱ्यावरची ही फार जुनी युक्ती आहे. होडी अरुंद म्हणून पळते आणि उलांडी आहे म्हणून उलटत नाही. लहानपणी मी तिच्यात भाताच्या भाऱ्यांवर बसून आलो आहे. अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, तेव्हा सुकाणूवर बसत.

आजोबा गेल्यावर १९८८ साली वाटणी झाली. जमीन वाटली, गुरे वाटली, भांडी वाटली, आंब्याची झाडेसुद्धा मोजून वाटली. होडी काही अर्धी करता येईना. आणि खाजण इतके लहान की त्याचे दोन तुकडे केले तर दोन्हींचे दोन बांध घालावे लागले असते. म्हणून वाटणीच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या गेल्या. "खाजण, सामाईक. होडी एक, सामाईक." पुढच्या उन्हाळ्यात होडी बैलगाडीवर घालून मिरजोळ्याला आणली आणि दोन्ही घरांच्या मधल्या खोपीत उपडी करून ठेवली. एका वर्षापुरती म्हणून ठेवली ती पस्तीस वर्षे तेथेच राहिली.

वाचकहो, सामाईक म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला विचारा. सात-बाराच्या उताऱ्यावर वीस नावे असतात आणि बांधावर दगड घालायला एक हात नसतो. याने म्हणावे, त्याने करावे. त्याने म्हणावे, याने करावे. मधल्या मध्ये वस्तू कुजते.

माझी चूक

आमच्या बाबतीत याहून वाईट झाले, आणि ते माझ्या हातून झाले. दापोलीला बी.एस्सी. करून मी कृषी खात्यात लागलो. फळबाग लागवडीची योजना १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडली गेली, त्यानंतरची ती वर्षे. डोंगर उतारावर खड्डे मोजत, कलमे वाटत मी जिल्हाभर फिरलो. लोकांना कागद नीट ठेवा, हद्दी कायम करा असे सांगत होतो. २००९ साली स्वतःच्या जमिनीची मोजणी आणली. मोजणीत अण्णांच्या बाजूची पाच कलमे माझ्या हद्दीत निघाली. ती कलमे अण्णांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या काकांनी, खांद्यावर पाणी वाहून जगवली होती. मोजणी खरी होती, खुणेचे दगड खरे होते. मी त्या वर्षी ती कलमे उतरवली आणि अण्णांनी माझ्याशी बोलणे सोडले.

चौदा वर्षे एका गडग्याच्या दोन बाजूंना राहून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बायकांचे बोलणे मात्र कधी बंद झाले नाही. आमच्याकडची आमसुले तिकडे जात आणि वहिनींकडचे कुळथाचे पिठले इकडे येई. आम्ही दोघे पुरुष तेवढे हट्टाला पेटलेले.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. आंब्याचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आमच्या खोपीचे छप्पर उडाले आणि हद्दीवरचा जुना फणस आडवा झाला. फणस होडीवर पडला असता तर प्रश्नच मिटला असता; पण तो हातभर बाजूला पडला. छप्पर गेल्यामुळे बत्तीस वर्षांत प्रथमच होडीवर ऊन पडले. मी जवळ जाऊन टोच्याने एक फळी टोचून पाहिली. टोच्या पुरणात जावा तसा आत गेला. सरपणाला तोडून टाकावी असे मनात आले. पण कागदावर सामाईक लिहिले होते, तेव्हा तोडायलासुद्धा अण्णांना विचारावे लागणार होते. विचारायचे नव्हते म्हणून ती वाचली!

फणसही हद्दीवरचा, म्हणजे तोही सामाईकच. पंचनामा झाला, परवानगीचे कागद झाले, आणि खोड गिरणीतून फाडून आणले. फळ्या दोन घरांत सारख्या वाटल्या. माझ्या वाट्याच्या फळ्या मी पट्ट्यांवर, मध्ये फटी ठेवून, सावलीत रचल्या. ओले लाकूड उन्हात टाकले तर ते बाहेरून चटकन वाळते, आतून ओले राहते आणि तडकते. सावलीत वाऱ्यावर इंचभर फळीला वर्ष तरी द्यावे. माझ्या फळ्यांना दोन वर्षे मिळाली.

जगभर घराच्या अंगणात

तुम्ही म्हणाल, या वयात होडीचे वेड कुठून शिरले? विलायतेत आणि अमेरिकेत गाडीच्या मागे छोट्या गाड्यावर चढवून नेता येतील अशा शिडाच्या होड्या पुष्कळ कुटुंबांकडे असतात. जुनी होडी स्वस्तात घेऊन तिला घराच्या अंगणात ठेवायचे, रविवारी रविवारी खरवडायचे, जोडायचे, रंगवायचे आणि सुट्टीत तळ्यावर न्यायचे, हा तेथील साध्या नोकरदारांचाही छंद आहे. आपल्याकडे छंद म्हणून नव्हे, पण हुन्नर म्हणून हे काम फार जुने आहे. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' नावाची छप्पन्न फुटी शिडाची नौका बांधली गेली. तीच घेऊन नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. अलीकडे, २०२५ साली, नौदलाने 'कौंडिण्य' नावाचे जहाज ताफ्यात घेतले. अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून त्याचा आराखडा केला आणि फळ्या खिळ्यांनी न ठोकता नारळाच्या काथ्याने शिवल्या. आपल्या परसातला काथ्या तो! आमच्या होडीच्या फळ्यांनाही काठावर जुनी भोके होती. कधीकाळी तीही शिवलेली होती, पुढे कुणीतरी खिळे मारले.

एवढे सगळे मोठे मोठे वाचले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये मी कामाला लागलो. सुट्टीच्या दिवशी होडी उताणी केली, खरवडली, फळ्यांच्या सांध्यांतून बोट जाईल एवढ्या फटी होत्या त्या दुकानातून आणलेल्या लांबीने गच्च भरल्या आणि वरून दोन हात रंग दिला. होडी नव्यासारखी दिसू लागली. अण्णा त्यांच्या पडवीत सुपारी कातरत बसलेले. त्यांनी एकदा मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाली घातली.

मग मी होडीत पाणी भरून ठेवले. रात्री पाण्याने लाकूड फुगले. सकाळी पाहतो तो भरलेली लांबी दोरीसारखी बाहेर आलेली आणि वरची एक फळी खिळ्यांसकट उखडून फाकलेली. खिळे लोखंडी, गंजून अर्धे झालेले. ज्या फटी लाकूड स्वतःच मिटवणार होते त्या मी आधीच भरून टाकल्या. मग लाकडाला फुगायला जागा कुठे?

राजिवड्याचे चाचा

भातकापणी उरकल्यावर मी राजिवड्याला गेलो. तेथे खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. आता बहुतेक होड्या फायबरच्या. लाकडी होडीचे काम जाणणारे एक वृद्ध सुतार तेथे भेटले. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. त्यांना रिक्षाने मिरजोळ्याला आणले. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, नारळ वाजवून पाहावा तशी बोटाच्या पेराने एकेक फळी वाजवली आणि विचारले, "रंग कुणी लावला?"

"मीच," मी म्हणालो.

"साहेब, तुम्ही शेतकऱ्यांना काय सांगता? भूक लागलेल्या झाडाला चुना फासा म्हणून?"

मी काय बोलणार? पान हिरवे दिसते म्हणून फसू नका, खोड टोचून पाहा, मूळ उकरून पाहा, हे मी तीस वर्षे सांगत आलो.

चाचांनी आधी रंग काढायला लावला. मग होडीत आणि होडीवर ओला पेंढा आणि गोणपाटे घालून दिवसातून तीनदा पाणी मारायला सांगितले. "पस्तीस वर्षांची तहान आहे. आधी ती भागू दे. मग तिला कुठे दुखते ते तीच सांगेल." आठ दिवसांनी पेंढा काढला तेव्हा निम्म्याहून अधिक फटी आपोआप मिटल्या होत्या. लाकूड फुगते ते रुंदीत. लांबीत त्याची वाढ नसल्यासारखीच. म्हणून फळ्यांचे उभे काठ एकमेकांना भिडतात. ज्या फटी उरल्या त्या खऱ्या फटी.

मग रोग पाहिला. होडीला दोन शत्रू. एक कूज. ती बुरशीमुळे येते. लाकडात साधारण वीस टक्क्यांहून कमी ओल असली तर बुरशी वाढत नाही. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी साचून राहते तेथेच होडी जास्त कुजते. आमच्या खोपीचे छप्पर गळत होते त्याच्या बरोबर खाली तीन हात फळी गेली होती. दुसरा शत्रू लाकूड पोखरणारा समुद्रकिडा. त्याला किडा म्हणतात, पण तो आहे शिंपल्याच्या कुळातला. पिल्लू असताना टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडून आत शिरतो आणि डोक्याकडच्या दोन चिमुकल्या शिंपांनी लाकूड किसत आतल्या आत वाढतो. आंब्याच्या खोडातली भिरूड ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रीत नवी नाही. बाहेर भोक केवढेसे, आत बोगदा! मात्र हा प्राणी गोड्या पाण्यात आणि कोरड्यावर तग धरत नाही. होड्या वेळोवेळी वाळूवर ओढून सुकवायच्या, तळाला चुना आणि तेल फासायचे, ही कोळ्यांची वहिवाट त्यासाठीच. आमच्या होडीतली किड्यांची पिढी केव्हाच मेली होती. बिळे तेवढी उरली होती.

कुजलेला भाग चाचांनी वाकसाने आणि पटाशीने काढला. जेथे लाकूड घट्ट लागले त्याच्याही पुढे वीतभर गेले. "दया करू नका. एक बोट कूज ठेवाल तर दोन वर्षांत हातभर होईल." नवी फळी जोडताना सांधा सरळ न घेता तिरका घेतला. फळी एक इंच जाडीची, तर तिरका काप आठ इंच लांबीचा. आपण आंब्याचे कलम बांधतो तेव्हा खुंटाला आणि काडीला असाच तिरका काप देतो, म्हणजे दोन्हींचा एकमेकांशी संबंध जास्त येतो. कलमात साल सालीला मिळाली पाहिजे, येथे रेषा रेषेला. मी हे म्हटले तसे चाचा हसले. "म्हणजे तुम्ही अर्धे सुतार आहातच."

फळ्या मात्र कमी पडल्या. माझ्या वाट्याला आलेल्या फळ्यांत एक लांब फळी गाठीची निघाली. चाचा म्हणाले, त्याच झाडाची दुसरी मिळाली तर बरी, दोन्ही सारख्या फुगतील. त्याच झाडाची दुसरी फळी गडग्याच्या पलीकडे होती. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तो एक लांब सरळ फळी गडग्याला टेकवून ठेवलेली. कुणी काही बोलले नाही, मीही विचारले नाही.

लोखंडी खिळे सगळे काढले. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते आणि भोवतालचे लाकूडही जाळते. तांब्याचे खिळे महाग पडले, पण ते घातले आणि आतून वाकवून बसवले. उरलेल्या फटींत कापसाची वात तेलात भिजवून लाकडी ठोकळ्याने हलक्या हाताने बसवली. या कामाला कलाफत म्हणतात. फार जोराने ठोकली तर फुगल्यावर फळी फाकते. वर राळ आणि तेल कढवून भरले. सगळ्या अंगाला काजूच्या टरफलाचे तेल दिले. आमच्या जिल्ह्यात काजू कारखाने पुष्कळ, म्हणून ते मिळायला अडचण नाही. पण सावध राहा. ते कातडीवर पडले तर फोड येतात. हातमोजे घाला, मुलांना जवळ येऊ देऊ नका.

एक सांधा मी हट्टाने स्वतः भरला. चाचांनी पाहिले, पण काही म्हटले नाही.

शिडासाठी जाड मांजरपाट आणला. शिवणयंत्र वहिनींकडे. माझी पत्नी कापड घेऊन पलीकडे गेली आणि चार दुपारी दोघी जावा खळ्यात ते कापड पसरून बसल्या. काठाला दुहेरी शिवण, कोपऱ्यांना चार-चार पदर. वहिनी म्हणाल्या होत्या म्हणे, "पुरुषांची होडी बुडली तर बुडली, आपली शिवण उसवता कामा नये."

भरतीची वेळ

होडी पाण्यात घालायची तर भरती हवी. आमच्याकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथीला पाऊणने गुणावे. दशमी असेल तर साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. एवढ्या वाजता जवळपास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी सर्वांत वर; अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी मंद. मिनिटाचा हिशेब हवा असेल त्याने छापील कोष्टक पाहावे, पण शेतकऱ्याला तिथी पुरते.

२०२३ च्या दत्तजयंतीचा दुसरा दिवस ठरवला. बारा हातांची होडी मिरजोळ्याहून खाडीवर न्यायची कशी? टेम्पोत ती मावेना. वाडीत पॉवर टिलरचा लांब गाडा एकाकडेच होता आणि तो अण्णांकडे. मी दुसरीकडे चौकशी करीत होतो. त्या दिवशी सकाळी सात वाजता वाडीतली दहा माणसे जमली, होडी उचलली, आणि गडग्याच्या पलीकडून टिलर सुरू झाल्याचा आवाज आला. अण्णा टिलर घेऊन आले. खाली उतरले नाहीत. माणसांनी होडी गाड्यावर चढवली, पेंढ्याच्या उशा दिल्या, दोर आवळले. टिलरचा आवाज एवढा मोठा की कुणाशी बोलायची सोयच नव्हती. त्या आवाजाचे मी आभार मानले.

साळवी स्टॉपवरून, मारुती मंदिरावरून ती वरात निघाली. रस्त्यातली माणसे थांबून पाहत होती. शाळेची मुले ओरडत होती, "टिलरला शीड आलं!" तास-दीड तासाने कर्ल्याच्या अंगाला खाडीवर पोहोचलो. चाचा काठावर येऊन बसले होते. नाळेला हळदकुंकू लावले, नारळ वाढवला आणि साडेअकराच्या सुमाराला होडी पाण्यात ढकलली. ती तरंगली.

आम्ही चौघे होतो. मी, माझा मुलगा, राजिवड्याचा एक तरुण आणि सुकाणूजवळ आपणहून जाऊन बसलेले अण्णा. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो; दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो. तो सुटला तसे शीड वर घेतले. मागे भाट्याचा पूल आणि त्यापलीकडे समुद्र. पुलाच्या पलीकडच्या अंगाला नारळ संशोधन केंद्राची झाडे. १९५५ पासून तेथे नारळावर काम चालू आहे. बाणवलीच्या निवडीतून आलेला 'प्रताप' तेथलाच. डाव्या हाताला उंचावर थिबा राजाचा वाडा. ब्रह्मदेशच्या त्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले, १९१० च्या सुमारास त्याला हा वाडा बांधून दिला आणि १९१६ साली तो येथेच वारला. ही खाडी, ही शिडे तोही बघत असेल.

खाडीच्या दोन्ही काठांना कांदळवन दाट झाले आहे. बगळे, घारी, खंड्या. पाण्याचा सळसळ आवाज सोडला तर शांतता. एवढ्यात माझ्या पायाला गार लागले. खाली पाहतो तो पाणी. मी भरलेला सांधाच गळत होता, दुसरा कुठलाही नाही.

अण्णांनी सुकाणूवरचा हात न काढता पाहिले आणि म्हणाले, "बाळू, पाणी काढ."

चौदा वर्षांनी ते माझ्याशी बोलले. मी डबा घेतला आणि पाणी उपसू लागलो. वर मान करून पाहायचा धीर मला झाला नाही.

खाजणाचा बांध

तासाभराने आम्ही खाजणाच्या जागी पोहोचलो. पस्तीस वर्षांत आम्हा दोघांपैकी कुणी तेथे गेले नव्हते. बांध दोन ठिकाणी फुटलेला, उघाडीची दारे नाहीशी झालेली, आणि जेथे आजोबांनी भात पिकवले तेथे भरतीचे पाणी आत-बाहेर करीत होते. कडेच्या उंच भागात जमिनीवर मिठाची पांढरी पापडी. अण्णा उतरले, चिखलात चालत गेले आणि फुटलेल्या जागी उभे राहून बराच वेळ पाहत राहिले.

मी म्हणालो, "अण्णा, ती पाच कलमे तुमची आहेत. मोजणी काहीही सांगो."

ते म्हणाले, "कलमांचं मागनं बघू. हा बांध किती दिवसांत होईल ते सांग. तू खात्यातला ना?"

मग मला सांगावेच लागले. खारभूमी एका वर्षात सुधारत नाही. जेथे कांदळवन उगवले तेथे हात लावायचा नाही. कायदाही तेच सांगतो आणि तेच बांधाचे रक्षणही करते. जी उंच कड मोकळी आहे तेवढीच आपली. ज्या हद्दीत काम करायचे ती आधी महसूल आणि वनखात्याला दाखवून घ्यायची. मग आतल्या अंगाने बांध धरायचा आणि पावसाचे पाणी साठवून ओहोटीला सोडून पहिले एक-दोन पावसाळे नुसते मीठ धुवायचे. त्यानंतर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या 'पनवेल' जातींपैकी एखादी लावायची. रोप लहान असताना आणि फुलोऱ्याच्या वेळी भात मिठाला फार नाजूक असते, तेव्हा त्या दोन वेळी गोडे पाणी उभे हवे.

"म्हणजे दोघांचं काम," अण्णा म्हणाले.

त्यांनी बांध म्हणून म्हटले, की आणखी काही, मी विचारले नाही.

कागद झाले, २०२४ च्या उन्हाळ्यात दोन्ही घरांनी मिळून कडेचा बांध धरला. पहिला पावसाळा मीठ धुण्यात गेला. दुसऱ्या पावसाळ्यात लहानशा तुकड्यात भात पेरले. निम्मे आले, निम्मे जळाले. अजून जमीन पुरती उतरलेली नाही. पाच कलमांचा आंबा आता दोन्ही घरांत निम्मा निम्मा जातो. सगळा घ्या म्हटले तर अण्णा घेत नाहीत. आमचे सगळेच मिटले असे मी म्हणणार नाही. चौदा वर्षे फुकट गेली ती गेलीच.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुनी लाकडी वस्तू पडून असेल, होडी असो, नांगर असो, बैलगाडी असो की कणगी, त्यांनी ती फेकण्यापूर्वी टोचून पाहावी. निम्म्याहून अधिक लाकूड घट्ट असेल तर ती जगते. घाईने रंग लावू नये. जाणत्या माणसाला हात जोडून बोलवावे; असे सुतार आता थोडे उरले आहेत. आणि होडी पाण्यात घालणार असाल तर बंदर अधिकाऱ्यांकडे नियमांची चौकशी करावी, तरंगणारी जाकिटे बरोबर ठेवावीत, जूनपासून पावसाळा संपेपर्यंत खाडीत उतरू नये.

सामाईक वस्तूसाठी मात्र आम्ही एक वही केली आहे. ती वहिनींकडे असते. होडीला काय लागले, बांधाला काय लागले, कोणी किती दिले, कोण किती दिवस राबला, सगळे तिच्यात लिहिले जाते. वस्तू दोघांची असली की काम कुणाचेच नसते. वहीत नाव चढले की ते काम कुणाचे तरी होते.

दर मे महिन्यात होडी पुन्हा टिलरच्या गाड्यावर चढून मिरजोळ्याला येते. खोपीवर नवे छप्पर घातले आहे. पावसाळाभर ती तेथे पालथी असते आणि आता कुणी पाहुणा विचारतो, "शेतकऱ्याच्या घरी ही कशाला?" तेव्हा अण्णा पडवीतून उत्तर देतात, "शेताला जायला!"